दफनभूमीची वाकडी भिंत

आमच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या नाताळ अंकासाठी मला विषय दिला, 'जगाचं शहाणपण आणि देवाचं शहाणपण'. मी त्यांना म्हटलं, "साहेब, हे तुमच्या रविवारच्या संदेशाचं काम आहे. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या." ते हसले. म्हणाले, "मग जमिनीवरचंच लिहा, अक्का. आकाशातलं मी बघतो." आता माघार घेता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. लोक सर्वेअर म्हणतात. खेड्यात मला 'मोजणीवाली अक्का' म्हणायचे. पाचोरा, साक्री आणि शेवटी धुळे, अशी नोकरी झाली. सुरुवातीला साखळी आणि लाकडी टेबल घेऊन मोजायचो, नंतर तिपाईवरचं यंत्र आलं, आणि मी निवृत्त व्हायच्या सुमाराला उपग्रहावरून जागा सांगणारी काठी आली. यंत्रं बदलली, पण बांधावरची माणसं तीच राहिली.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं मोठं नाही. जमीन कोणाची, हे आम्ही ठरवत नाही. सरकारी नकाशात जी रेघ आहे, ती प्रत्यक्ष जमिनीवर कुठे येते, एवढंच दाखवायचं. अडचण अशी, की नकाशा कार्यालयातल्या कपाटात असतो आणि बांध शेतात, आणि दोघांची वर्षानुवर्षं गाठ पडलेली नसते. नांगर दरवर्षी बांधाची एक ओळ खातो. कोणी हद्दीचा दगड उचलून धुणं धुवायला नेतो. मग एक दिवस शेजाऱ्यांचं भांडण होतं, मोजणीचा अर्ज येतो, लगतच्या सगळ्यांना नोटिसा जातात आणि ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही पोचतो. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं धुतलेले कपडे घालून आलेली असतात. दोन्हीकडून चहा येतो. आणि आपण कोणाचा चहा आधी घेतो, याकडे अख्खा गाव बघत असतो.

म्हणून मी कोणाचाच घेत नसे. पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घरून न्यायचे. थंडीत जळगावकडे हे फार जड जायचं. एकदा एका अर्जदाराने मोजणीच्या दिवशीच शेतात भरिताचा बेत केला. तुराट्यांवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि मी लिंबाखाली एकटी बसून गार पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खात होते. समोरचा शेजारी माझ्याकडे बघत होता. शेवटी तोच येऊन म्हणाला, "अक्का, खाय ना वं थोडंसं, मी काही म्हनत नही." तरी नाही खाल्लं. त्या भरिताचं मला अजून वाईट वाटतं.

या कामातलं शहाणपण मला देवरे नानांनी शिकवलं. पाचोऱ्याच्या कार्यालयात ते माझे वरिष्ठ होते. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "बाई, बांधावर उभं राहून कधी 'तुमचं' आणि 'त्यांचं' म्हणायचं नाही. 'नकाशाप्रमाणे असं दिसतं' म्हणायचं. मग शिव्या नकाशाला बसतात." दुसरं सांगितलं, "खोटं कधी बोलू नका. पण विचारलं नाही ते आपण होऊन सांगूही नका. विचारलं तेवढंच सांगायचं, कागद चोख ठेवायचा आणि दिवस मावळायच्या आत गावाबाहेर पडायचं."

नानांचं शहाणपण टाकाऊ नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पाचोऱ्याजवळ दोन भावांची मोजणी होती. धाकटा भाऊ विळा घेऊन बांधावर बसला होता, कोणाशी बोलत नव्हता. शिपाई घाबरून पुढे जाईना. मी त्या धाकट्याजवळ गेले आणि म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे माणूस कमी आहे. ही पट्टी एवढी सरळ धरून उभे राहता का? हलली तर माप चुकेल." तो विळा खाली ठेवून पट्टी धरून उभा राहिला. पट्टी दोन्ही हातांनी धरावी लागते. दुपारपर्यंत तो मापात इतका रमला, की "थोडी डावीकडं घेऊ का, अक्का?" असं मलाच विचारू लागला. मोजणी झाली तेव्हा रेघ त्याच्या विरोधात गेली होती, पण स्वतः धरलेल्या पट्टीला तो काय बोलणार? संध्याकाळी नाना म्हणाले, "तुम्हाला डोकं आहे, बाई." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली.

साक्रीला बदली झाली तेव्हा मी पुरती हुशार झाले होते. तिथं पश्चिमेकडे डोंगरातली गावं. पावसावरची शेती, शेताच्या कडेला मोहाची झाडं. अशाच एका गावात एका मोठ्या शेतकऱ्याने मोजणीचा अर्ज केला. लगतची जमीन बुधीबाई नावाच्या म्हातारीची. मुलगा ऊसतोडीला बाहेर गेलेला, घरात ती एकटी. नोटीस तिला पोचल्याचा अंगठा कागदावर होता. मोजणीच्या दिवशी ती बांधावर आली नाही.

खरं म्हणजे आली होती. बांधालगतच, तीसेक पावलांवर मोहाच्या झाडामागे एक म्हातारी बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी तिला पाहिलं. ती कोण असेल, हे मला कळलं. अर्जदाराची आठ-दहा माणसं माझ्याभोवती होती, घाई चालली होती, ऊन चढत होतं. नियमाप्रमाणे लगतधारक पुढे येऊन हजेरी सांगतो. तिने सांगितली नाही. मी पंचनाम्यात लिहिलं, 'लगतधारक नोटीस मिळूनही गैरहजर'. वाक्य बरोबर होतं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. रेघ आखली तर मोहाचं झाड अर्जदाराच्या बाजूला गेलं.

सगळे जेवायला गेले. मी सामान आवरत होते. तेव्हा ती जवळ आली.

"अक्का, मी ते आठेच उभी व्हतू," ती म्हणाली. "तू माले हाक का बर नही मारी?"

ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती. मी म्हटलं, "आजी, नोटीस आली होती ना तुम्हाला?"

"कागद उना व्हता. माले वाचता येस का?"

मग ती मला घाणेरीच्या झुडपात घेऊन गेली. हाताने पाला बाजूला केला. खाली एक जुना, कोरलेला दगड होता. सरकारी खूण. "हाऊ दगड माले मना सासरानी दखाडा व्हता," ती म्हणाली. तो दगड मला सकाळी दिसला असता, तर मी माप तिथून धरलं असतं. रेघ चांगली आठ-दहा हात सरकली असती. मोह तिच्याकडे राहिला असता.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते सोपं होतं. पंचनामा माझ्या पिशवीत होता. अर्जदार शंभर पावलांवर जेवत होता. पण मोजणी पुन्हा करायची म्हणजे माझी चूक झाली, असं लिहून द्यावं लागणार. साहेब विचारणार, वर्षअखेरच्या शेऱ्यात येणार. मी बुधीबाईला म्हटलं, "तुम्ही अर्ज करा, आजी. पुन्हा मोजणी मागता येते." खोटं बोलले नाही. अर्ज कसा करायचा, कुठे करायचा, ते नीट समजावून सांगितलं. जिला नोटीस वाचता येत नव्हती, तिला मी अर्जाची पद्धत शिकवून जीपमध्ये बसले.

पुढे तीन महिने दर रविवारी मी उपासनेला जायचे आणि प्रार्थनेला डोळे मिटले, की ते झाड दिसायचं. शेवटी मी स्वतःच कार्यालयातल्या साहेबांना लेखी दिलं, की हद्दीची जुनी खूण माझ्याकडून बघायची राहिली. बोलणी खाल्ली. वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी झाली आणि रेघ त्या दगडापासून धरली गेली. मोह बुधीबाईच्या नावच्या जमिनीत परत आला. कागदावर आला. जमिनीवर तो नव्हता. अर्जदाराने तो आधीच तोडून नेला होता. मी तिला भेटायला गेले, तर घराला कडी होती. मुलगा तिला आपल्याबरोबर घेऊन गेला, असं शेजारणीने सांगितलं. तिची माझी पुन्हा गाठ पडली नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायची वेळ आली ती मी निवृत्त झाल्यावर, धुळ्यात.

पांझरेपलीकडे देवपुरात आमच्या मंडळीची एक लहानशी दफनभूमी आहे. पूर्वी तिच्या चारी बाजूंना शेतं होती, आता घरं आली आहेत. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. मागच्या बाजूची भिंत पावसात मधोमध खचली. ती नव्याने बांधायची ठरली. बांधायच्या आधी रीतसर मोजून घेऊ, असं मीच सुचवलं. सुचवताना जरा ऐटही होती, आपल्या माणसांना आपलं काम दाखवायची.

भिंतीपलीकडची रिकामी जागा मदनलालभाऊंची. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण ते जन्मले धुळ्यातच. लोखंडी सामानाचं दुकान. आमची तीस वर्षांची ओळख. त्यांनाही मोजणीची नोटीस गेली होती, पण ते लग्नासाठी गावी निघाले होते. जाताना मला फोनवर म्हणाले, "अक्का, तुम्ही आहात ना तिथं? मग माझं काय काम?"

मोजणीला माझ्या जुन्या कार्यालयातला सर्वेअर आला. मी मुद्दाम लांब उभी राहिले. पण इतक्या वर्षांची नजर, ती काठी कुठे थांबली ते पाहूनच मला समजलं. तो सामान ठेवून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुमची भिंत चुकलीय. साडेसात फूट त्यांच्यात आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्या साडेसात फुटांत शेवटच्या रांगेतल्या पाच कबरी होत्या. त्यातली एक माझ्या आईची.

त्या रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत कमिटी बसली. पाळकसाहेब होते. ते वयाने माझ्या मुलाएवढे, नवीनच आलेले. कमिटीचे सचिव सॅम्युअलभाऊ होते. सॅम्युअलभाऊ निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीतले सगळ्यांत व्यवहारी गृहस्थ. मंडळीची कुठलीही अडचण असो, पाण्याचं कनेक्शन असो की कोणाच्या मुलीचं प्रवेशाचं काम, सॅम्युअलभाऊ मार्ग काढणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अक्का, तुम्ही या खात्यातल्या. यातून वाट कशी काढायची?"

आणि मी वाट काढली. सांगायला लाज वाटते, पण मला ते सांगताना बरं वाटत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नकाशाची प्रत आपण अर्जदार म्हणून आपल्याला मिळेल. ती फायलीला लावू. भिंत जुन्या पायावरच उभी करू. पाया जुना, कबरी जुन्या, ताबा आपला पूर्वीपासूनचा. मदनलालभाऊ उद्या कोर्टात गेलेच, तरी कबरींना हात लावायला कोणी धजणार नाही. आणि ते विचारतील तेवढंच सांगायचं." शेवटचं वाक्य नानांचं होतं. ते माझ्या तोंडून किती सहज आलं!

सॅम्युअलभाऊंनी वहीत लिहून घेतलं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "मदनलालभाऊंना कोणी सांगितलं का?" सॅम्युअलभाऊंनी वही मिटली. पाळकसाहेबांनीही पुन्हा विचारलं नाही.

चार दिवसांनी सकाळी मी आईच्या कबरीवर शेवंतीची फुलं ठेवायला गेले. खचलेल्या भिंतीच्या पलीकडे मदनलालभाऊ उभे. गावाहून आले होते. हातात एक घडी घातलेला कागद. ते त्या जागेवर सामानासाठी गोदाम आणि वर मुलासाठी दोन खोल्या बांधणार होते, त्याचा आराखडा.

"सलाम, अक्का," ते म्हणाले. आमची माणसं एकमेकांना सलाम म्हणतात, हे ऐकून ऐकून त्यांनी उचललं होतं. "मोजणी झाली म्हणे. सगळं बरोबर निघालं ना?"

मी म्हटलं, "नकाशा अजून हातात यायचाय, भाऊ."

हे खरं होतं. नकाशा खरंच आला नव्हता.

"येईल, येईल. काय घाई आहे?" ते म्हणाले. "तुम्ही होता म्हणजे मला बघायची गरज नाही. मी मुलाला तेच सांगितलं." मग त्यांनी आईच्या कबरीकडे पाहून हात जोडले आणि आराखडा उलगडून पावलांनी जागा मोजू लागले. आमच्या भिंतीपासून. चुकलेल्या भिंतीपासून ते पावलं टाकत होते, एक, दोन, तीन... आणि मी फुलं हातात घेऊन बघत होते.

आई सरकारी दवाखान्यात दाई होती. शिकलेली नव्हती. माझ्या हुशारीचं तिला कौतुक होतं, पण तिच्याजवळ उभं राहून मी त्या दिवशी जे केलं, ते तिला समजावून सांगता आलं नसतं. मी तिथल्या तिथे भिंतीवरून हाक मारायला हवी होती. तेवढं बळ आलं नाही. फुलं ठेवली आणि थेट पाळकसाहेबांच्या घरी गेले. म्हटलं, "कमिटी पुन्हा बोलवा. मी चुकीचा सल्ला दिलाय."

कमिटी बसली. दोन दिवसांनी, सकाळी. मी बुधीबाईची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा, मोठ्याने, नाव घेऊन. कागद कसा चोख होता तेही सांगितलं. आणि म्हटलं, "मदनलालभाऊंना आपण सांगितलं पाहिजे. विचारायच्या आधी."

सॅम्युअलभाऊंचा चेहरा लाल झाला. "अक्का, देवानं डोकं दिलंय ते वापरायलाच ना? आपण चोरी केलेली नाही. आपल्या वाडवडिलांनी शेतात अंदाजाने भिंत घातली. चूक त्यांची, तीही नकळत. आज तुम्ही जाऊन सांगणार, उद्या त्यांचा मुलगा म्हणणार, कबरी उचला. मग?"

"मग उचलाव्या लागतील," मी म्हटलं.

"तुम्हाला बोलायला सोपं आहे."

"माझी आई आहे त्या रांगेत, भाऊ."

ते एकदम उभे राहिले. वही हातातून खाली पडली. "आणि माझी शांता?" ते म्हणाले. "दोन वर्षं दवाखान्यात काढली तिने. कुठं कुठं सुया टोचून घेतल्या. आता कुठं निजलीय. तिला मी पुन्हा उचलू देऊ? नाही, अक्का. त्यासाठी मला खोटारडा म्हणा. चालेल मला."

मी त्यांना इतके दिवस निव्वळ व्यवहारी समजत होते. त्या साडेसात फुटांच्या मागे त्यांची बायको होती, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मापं घेणारीला फूट दिसले होते, बाई दिसली नव्हती. पुन्हा एकदा.

पाळकसाहेबांनी वही उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "सॅम्युअलभाऊ, वाट काढण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण वरून आलेलं शहाणपण असेल, तर ते मदनलालभाऊंच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. आपली ही वाट त्यांच्यासमोर सांगता येईल का आपल्याला?"

सॅम्युअलभाऊंनी वही बगलेत धरली. मग म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर. पण बोलणार नाही."

पाळकसाहेब, सॅम्युअलभाऊ आणि मी, आम्ही तिघं त्याच दिवशी दुपारी मदनलालभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी गिऱ्हाईक बाजूला ठेवलं, चहा मागवला. मी चहाला नको म्हणायच्या सवयीने हात वर केला आणि मग तो कप घेतला. मी आता कोणाची सर्वेअर नव्हते. म्हटलं, "भाऊ, परवा तुम्ही विचारलं आणि मी अर्धं सांगितलं. भिंत आमची चुकलेली आहे. साडेसात फूट जागा तुमची आहे, ती आमच्या आत आहे. त्यात पाच कबरी आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "परवा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"तेव्हा नाही बोललात."

"नाही बोलले. चुकले."

त्यांना लागलं होतं. जागेपेक्षा ते जास्त लागलं होतं, हे दिसत होतं. त्यांचा मुलगा गल्ल्याजवळ उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "पप्पा, साडेसात फूट म्हणजे आपला जिना पूर्ण बसतो. आपल्याला सगळी जागा पाहिजे." त्याचं चूक नव्हतं. मदनलालभाऊ म्हणाले, "मला विचार करू द्या." आम्ही उठलो. सॅम्युअलभाऊ पूर्ण वेळ हात जोडून बसले होते, तसेच उठले.

पुढचे आठ दिवस मला कठीण गेले. मंडळीत दोन कुटुंबं माझ्याशी बोलेनाशी झाली. त्यांचीही माणसं त्या रांगेत होती. एकीने तर उपासनेत माझ्या शेजारची जागा सोडून दुसऱ्या बाकावर बसणं पसंत केलं. आपण खरं बोललो की मन हलकं होतं, असं म्हणतात. माझं काही झालं नाही. मी रोज त्या रांगेपाशी जायचे आणि कबरी हलवायची वेळ आली तर कुठल्या कोपऱ्यात जागा निघेल, ते मनात मोजायचे. एकदा तिथं सॅम्युअलभाऊ भेटले. शांताताईंच्या कबरीवरचं गवत काढत होते. मीही खाली बसून काढू लागले. त्यांनी आपल्याजवळचं खुरपं माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः हाताने काढत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी मदनलालभाऊंचा फोन आला. "अक्का, तुमची मोजायची टेप आहे ना अजून? घेऊन या. सॅम्युअलभाऊंनाही आणा."

आम्ही पोचलो तेव्हा ते खचलेल्या भिंतीपाशी उभे होते. मुलगाही होता, जरा फुरंगटलेला, पण आलेला. मदनलालभाऊ म्हणाले, "मला जागा पाहिजे. गोदामाला लागते, खोटं कशाला बोलू? भिंत माझ्या हद्दीवर घ्या. पण कबरी आहेत तिथं भिंत बाहेर वळवा. तेवढा तुकडा मी कागद करून मंडळीला देतो. मुलगा म्हणाला, जिना दुसऱ्या बाजूला घेऊ. निजलेल्या माणसांना कोण उठवणार?"

सॅम्युअलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप बाहेर काढली. मग ती मदनलालभाऊंच्या मुलानेच माझ्या हातातून घेतली आणि एक टोक धरलं.

आता मापं माझी. दुसऱ्याची जागा घ्यायची म्हणजे कमीत कमी घ्यायची, असं मी ठरवलं. कबरींच्या कडेपासून बरोबर एक वीत सोडली आणि पहिली खुंटी जमिनीवर टेकवली.

मदनलालभाऊ वाकून बघत होते. "हे काय, अक्का?"

"इथून भिंत येईल."

"आणि फुलं ठेवायला माणूस आला तर तो कुठं उभा राहणार? भिंतीवर?" त्यांनी खुंटी उपटली आणि आपल्या जागेत तीन पावलं आत नेऊन धरली. "इथं ठोका."

"भाऊ, हे फार होतं," मी म्हटलं. "माप हुकेल."

"हुकू द्या एकदा," ते म्हणाले. "सॅम्युअलभाऊ, या इकडे. उभे राहून बघा बरं, जमतंय का?"

सॅम्युअलभाऊ शांताताईंच्या कबरीच्या आणि त्या खुंटीच्या मधल्या जागेत जाऊन उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "जमतंय."

"अजून एक जण मावेल?"

त्यांनी बाजूला सरकून पाहिलं. "मावेल."

तेव्हा मदनलालभाऊंनी चपला बाहेर काढल्या आणि ते त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी हातोडी उचलली आणि खुंटी तिथेच ठोकली.